उपासाची कढई

आई, आज सकाळी स्टुलावर चढून माळ्यावरून तुझी उपासाची कढई खाली काढली. पन्नाशी उलटलेल्या बाईने स्टुलावर चढू नये हे मला कळतं, पण कामाच्या बायांना सांगितलं असतं तर कशाला हवी म्हणून त्यांनी विचारलं असतं, आणि मला उत्तर द्यायचं नव्हतं. आता ती माझ्यासमोर ओट्यावर आहे. बूड काळं, काठ एका बाजूला चेपलेला, आणि उजव्या कानावर तो लाल ठिपका. तू जाऊन बावीस वर्षं झाली. तुझं काम मी पुढे चालवते, द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत, त्याच खोल्यांमध्ये. आता मोठ्या स्टीलच्या कढया आहेत, हाताखाली तीन बाया होत्या. होत्या म्हणते, कारण परवापासून दोनच आहेत. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे, पण माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी सरळ मुद्द्यावर येत नाही. तू म्हणायचीस, ही पोरगी आरशातसुद्धा आधी मागे कोण उभं आहे ते बघते.

तुझ्यावर मी जितका संशय घेतला तितका जगात कुणावर घेतला नसेल. आपल्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं की तू देव मानत नाहीस. बाबा गेले म्हणून तू देव सोडलास असं बायका म्हणायच्या, तेही खोटं. बाबा होते तेव्हाही तू हात जोडत नव्हतीस, आणि बाबा गेल्यावरही तू टिकली लावत राहिलीस. दोन्हींवरून सारखीच कुजबुज व्हायची. कुणी विचारलं तर वाद घालायची नाहीस. "मला नाही वाटत, बस," एवढंच म्हणायचीस, जसं कुणी कारलं आवडत नाही म्हणावं. आणि अशा बाईचा धंदा कसला, तर उपासाच्या फराळाचा. खिचडी, भगर, बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू. नवरात्रात सकाळपासून दारात डब्यांची रांग. कुणाच्या उपासाला जिरं चालतं, कुणाला कोथिंबीर चालत नाही, कुणाचे नऊ दिवस कडक तर कुणाचा नुसता उठता-बसता, हे त्या बायकांच्या सुनांना ठाऊक नसेल इतकं तुला तोंडपाठ होतं. बेसनाला, शेवेला, भज्यांना एक कढई आणि उपासाला दुसरी. दोन्ही एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच मापाच्या, पण एकीतला झारा दुसरीत कधी गेला नाही.

मला हे पटायचं नाही. देव नाही तर भीती कुणाची, आणि भीती नाही तर एवढी उस्तवार कशासाठी? शाळेतून आले की मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून तुझ्यावर पाळत ठेवायची. अष्टमीला तू काही घरांचा नैवेद्य करून द्यायचीस. नैवेद्याचं चाखायचं नसतं. एकदा खिरीत तू दोनदा साखर घातलीस, मी डोळ्यांनी बघितलं. तुलाही शंका आली असावी, कारण डाव हातात घेऊन तू बराच वेळ थांबलीस. घरात कुणी नव्हतं. मी श्वास रोखून वाट बघत होते, आता चाखेल, आता चाखेल. तू डाव खाली ठेवलास, ती सगळी खीर बाजूला काढलीस आणि नवीन दूध तापायला ठेवलंस. मी पुढे येऊन विचारलं, "चाखली असतीस तर काय झालं असतं? कोण बघत होतं? तू तर मानतच नाहीस." तू म्हणालीस, "त्या मानतात ना. डबा त्यांचा आहे." ती गोडमिट्ट खीर मी दोन दिवस खाल्ली आणि खाताना ठरवलं की ही बाई काहीतरी लपवते आहे. एक तर हिच्या मनात देव आहे आणि सांगायला हिला लाज वाटते, नाहीतर हा सगळा गिऱ्हाइकं धरून ठेवायचा हिशोबीपणा आहे. तिसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग ते नवरात्र. मी सोळा वर्षांची. चौथी माळ होती, तू डबे पोचवायला गेली होतीस आणि जाताना मला बटाट्याचा कीस तळायला सांगून गेलीस. संध्याकाळी तू चिवडा भरलास, डबे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तू उरलेल्या चिवड्यात हात घातलास आणि बोटांत शेवेचा एक तुकडा आला. नखाएवढा. तू तो तळहातावर ठेवून खिडकीशी नेलास. मग मला हाक मारलीस. "कीस कुठल्या कढईत तळलास?"

मी म्हणाले, उपासाच्या. तू तुकडा तसाच धरून उभी राहिलीस. तुझं ते गप्प उभं राहणं मला सहन व्हायचं नाही. मी धावत देवघरात गेले. आपल्या घरात देवघर होतं ते आजीचं आणि माझं. घट बसलेला, नंदादीप तेवत होता. दिव्यावर हात धरून मी म्हणाले, "देवीशपथ, उपासाच्याच कढईत." मला वाटलं, आता संपलं. यावर कुणी काय बोलणार? तू दारात आलीस आणि म्हणालीस, "तुझ्या देवीच्या शपथेचं मी काय करू? मला ती कळत नाही. माझ्याकडे बघून सांग." मी तुझ्याकडे वळून तेच सांगितलं. तू मान हलवलीस, पिशवी घेतलीस आणि म्हणालीस, चल.

आपण आधी देवळात गेलो. त्या दिवशी मला केवढा आनंद झाला होता, सापडली म्हणून! देवळात गेली, म्हणजे शेवटी देवच लागला! पण तू पायरीवरच थांबलीस. आत गेली नाहीस, हात जोडले नाहीस. पुजाऱ्यांना बाहेर बोलावून विचारलंस की उपास करणाऱ्या बाईच्या पोटात चुकून बेसनाचं तळण गेलं तर तिने काय करायचं असतं. ते म्हणाले, न कळत गेलं असेल तर दोष लागत नाही, उपास मोडत नाही. देवीला नमस्कार करून पुढे चालू ठेवावा. तू त्यांचे आभार मानलेस आणि घराच्या उलट दिशेला चालायला लागलीस. मी म्हणाले, "आता कुठे? ते म्हणाले ना, न कळत असेल तर दोष नाही. मग सांगूच नको! सांगितलंस की कळेल, कळलं की उगाच त्यांच्या जिवाला घोर." आजही मला तो मुद्दा बिनतोड वाटतो. तू न थांबता म्हणालीस, "त्यांना दोष नाही, बरोबर. पण मला कळलंय ना."

बाकी घरांचं काही आठवत नाही. सिन्नरकडच्या त्या मावशींचं घर मात्र आठवतं. लेकीच्या लेकरासाठी नवस होता त्यांचा, नऊ दिवस निरंकार नाही पण कडक, आणि अनवाणी. पायाला भेगा पडलेल्या, त्यांना खोबरेल लावत ओट्यावर बसल्या होत्या. तू उभ्यानेच सांगितलंस, "मावशी, कालच्या चिवड्याला शेवेचं तेल लागलं. चूक माझ्या हातून झाली." माझ्या हातून म्हणालीस. मावशींनी खोबरेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हंजे माझा उपास मोडला?" तू पुजाऱ्यांचं म्हणणं सांगितलंस. त्यांनी ऐकलंच नाही. "लेकराला लय ताप हाय म्हणून ह्यो नवस केला बाई मी. आन् तू बाटवलास. तुला देव नाय ना, तुला कशाचं काय नाय!" डबा आत होता तो आणून त्यांनी अंगणात भिरकावला. झाकण घरंगळत नालीपर्यंत गेलं. तू ते उचललंस, पदराने पुसलंस. "खरं आहे तुमचं," म्हणालीस. मला इतका राग आला होता तुझा! खरं काय आहे त्यांचं? तू काहीही केलं नव्हतंस. मी तिथे उभी होते आणि तोंडातून शब्द काढत नव्हते, आणि तुझ्या त्या निमूटपणात मला गर्व दिसत होता. बघा, मी देवाशिवाय किती चांगली आहे, असा गर्व. घरी येताना मी मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली आणि मला बरं वाटलं. रात्री छान झोप लागली, हेही सांगून टाकते.

त्या वर्षी दिवाळीची निम्मी गिऱ्हाइकं गेली. दसऱ्याला आपण घरातल्या लोखंडाला हळदकुंकू वाहतो, म्हणजे आजी वाहायची, तू चहा करायचीस. दुसऱ्या दिवशी मी ओट्याशी आले तर उपासाच्या कढईच्या कानावर लाल ठिपका. आजीने कढईला कधी कुंकू लावलं नव्हतं, विळीला आणि अडकित्त्याला लावायची. म्हणजे तू लावलं होतंस. मी कुणाला बोलले नाही, पण तो ठिपका पुरावा म्हणून आयुष्यभर जपला. कढई घासताना त्या जागी घासणी लावली नाही, पाप लागेल म्हणून. माझ्या लग्नात, तुझ्या आजारपणात, तू शेवटपर्यंत गंगाजल नको म्हणालीस तेव्हासुद्धा मी मनात म्हणत होते, काही सांगू नकोस, मला ठाऊक आहे, तू लपून कढईला कुंकू लावतेस. तू चांगली होतीस ते देवामुळेच होतीस, एवढं मला सिद्ध करायचं होतं. नाहीतर मग माझं काय?

पुढच्या नवरात्रात त्या मावशी पहिल्या माळेला डबा घेऊन दारात हजर. लेकरू बरं झालं होतं, त्याचं श्रेय अर्थातच देवीला. मी खोचक विचारलं, आमच्याकडचं चालतं का तुम्हाला? मावशी माझ्याकडे न बघता तुला म्हणाल्या, "दुसरीकडं बाटलं तर मला कोण सांगनार हाय? तुझं बाटलं तर तू सांगशील. भर डबा." तू हसून हलवलेली मान मला अजून दिसते. देव नसलेल्या बाईच्या हातचं खाणं जास्त भरवशाचं, असं एक देवभोळी बाई म्हणत होती, आणि मला ते कुठेतरी टोचलं.

आता परवाचं. सहावी माळ. सकाळी चिवडा झाला, दुपारपर्यंत पाकिटं गेली. त्या मावशींच्या सुनेकडेही गेली, तीही आता नऊ दिवस करते. तीन वाजता एका उरलेल्या पाकिटात मला शेवेचा तुकडा दिसला. आई, मी घाबरले नाही, मी चिडले. तिघींना बोलावलं. भिंतीवर देवीचा फोटो आहे, खाली दिवा. म्हटलं, दिव्यावर हात ठेवून सांगा. दोघींनी ठेवला, पटापट, पोळी उलटावी तसा. तिसरी निफाडकडची आहे, दोन वर्षं माझ्याकडे आहे, कामाला चोख, बोलायला कमी. ती हात मागे बांधून उभी. "मी शपथ नाय घेत, काकू."

"का? देव मानत नाहीस?"

"मानते का नाय, ते राहू द्या. मी केलेलं नाय, एवढं सांगते. माझ्याकडं बघा ना तुम्ही."

मला तेच कारण पुरलं. जिला देवाची भीती नाही तिची काय खात्री द्यायची? मी तिला म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. ती रडली नाही, भांडली नाही. एप्रन घडी करून ओट्यावर ठेवला, उपासाचा झारा उपासाच्या खुंटीला लावून गेली. गिऱ्हाइकांना मी काहीच सांगितलं नाही. न कळत गेलं असेल तर दोष लागत नाही, हे मला पाठ होतं. पुजाऱ्यांचंच वाक्य आहे, माझं नाही. संध्याकाळी देवीची ओटी भरली, नारळ ठेवला, क्षमा मागितली आणि खरोखर हलकं वाटलं. मी खोटं लिहीत नाही, फार हलकं वाटलं.

गेल्या वर्षी स्वयंपाकघरात मी कॅमेरा बसवून घेतला आहे. हसू नकोस. काल मला वाटलं, तिचा पुरावा काढून ठेवावा, उद्या चार लोकांत बोलली तर दाखवायला. लेकीला फोन करून कुठलं बटण दाबायचं ते विचारलं. परवा सकाळचं चित्र आलं. ती निफाडची बाई बटाटे किसते आहे, पाठमोरी. आणि मी, कानाला मोबाईल लावून, कुठल्याशा दुकानदारावर ओरडत, शेवेचं उरलेलं तेल ठेवलेला डबा उचलते आणि उपासाच्या कढईत ओतते. मी. लाल काठाची साडी, अनवाणी पाय, नवरात्राचे नऊ दिवस मी चप्पल घालत नाही. चारदा बघितलं. दर वेळी मीच ओतत होते.

म्हणून आज ही कढई काढली. का, ते मला नीट सांगता येणार नाही, तुझ्या कुंकवासमोर बसावंसं वाटलं असेल. खिडकीशी नेऊन त्या ठिपक्यावर पहिल्यांदा नख लावलं. कुंकू नाही, आई. खिडकीच्या गजांना लावला होता तो तेलरंग आहे, गजांवर अजून तसाच आहे, मी जुळवून बघितला. आता मला सांग, तुला कढई ओळखायला ठिपका कशाला हवा होता? डोळे मिटून तू दोन्ही सांगितल्या असत्यास. घरात त्या कढयांना हात लावणारं दुसरं माणूस एकच होतं. म्हणजे माझी शपथ खोटी होती हे तुला माहीत होतं. त्या दिवशीच माहीत होतं, आणि तू मावशींच्या अंगणात माझ्या हातून म्हणालीस, आणि घरी येऊन मला एक शब्द बोलली नाहीस. नुसती रंगाची डबी उघडलीस. पस्तीस वर्षं मी तुझा देव म्हणून जपला तो ठिपका माझ्यासाठी लावलेला होता.

यातही तुझा काही डाव असेल का, असं आत्ता लिहितानाही मनात आलं. मला वाटलं तशी तू गर्विष्ठ असशीलही थोडी. पण माझ्या हलकेपणाचा मला जास्त संशय येतो आहे. मी देवीला सांगते, देवी ऐकून घेते, आणि ज्यांचं बिघडलं त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही. तुला सांगायला वर कुणी नव्हतंच, म्हणून तुला पिशवी घेऊन दारोदार जावं लागायचं. मी देव सोडणार नाही, तसं मनात आणू नकोस. उद्या नववी माळ आहे, ती मी वाहणार.

मावशींच्या सुनेला आणि बाकीच्यांना आज फोन केले. तिघींनी ठेवून दिला, एकीने मोठ्याने शिव्या घातल्या, सून म्हणाली, सासूबाईंना सांगते. निफाडला मात्र फोन केला नाही. नंबर काढला होता. मग लक्षात आलं की फोनवर समोर बघावं लागत नाही, म्हणूनच मला तो बरा वाटतो आहे. दुपारच्या बसने जावं लागेल. अकरा वाजल्यापासून तयार होऊन बसले आहे आणि दोन बसेस गेल्या. हा कागद घडी करून कढईत ठेवते, तुझा दुसरा पत्ता माझ्याकडे नाही.

एक राहिलं. माझ्याकडे बघून सांग म्हणालीस तेव्हा मी वळले, आणि तुला वाटलं असेल मी तुझ्याकडे बघितलं. मी तुझ्या टिकलीकडे बघत होते. परवा तिच्याही टिकलीकडेच बघितलं.